मधली माणसं

साल 1885. राजापूर तालुक्यातल्या एका गावात तुम्ही माजघराच्या दाराआड उभ्या आहात. नवरा मुंबईला गिरणीत. श्रावणाचा पाऊस कोसळतोय. आगबोटी बंद, त्यामुळे टपाल खुष्कीच्या वाटेने येईल तेव्हा खरं. आज आलंय. पाव आण्याचं पोस्टकार्ड. ही कार्डं निघून सहाच वर्षं झालीत आणि गरिबाच्या घरीही आता टपाल येऊ लागलंय.

कार्ड उघडंच असतं. वाटेत ज्याला अक्षर येतं, त्याला ते वाचता येतं. तुम्हाला येत नाही. ओटीवर भटजी मोठ्याने वाचतात. नवऱ्यालाही लिहिता येत नाही, म्हणजे तिकडेही कुणीतरी लिहून दिलेलं. पत्र सासऱ्यांच्या नावे. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, मग पावसाची चौकशी, बैलाची चौकशी, शेवटी ‘घरात सर्वांस आशीर्वाद’. तुमच्या वाट्याला आलं ते एवढंच.

तुम्हाला त्याला एकच गोष्ट सांगायची आहे: पैसे सगळे मामंजींच्या हाती जातात, त्यातले थोडे माझ्या हातात द्या. पण सांगणार कशी? मजकूर सासरे सांगणार, भटजी लिहिणार, आणि तिकडे दहा जणांच्या खोलीत कुणीतरी तो वाचून दाखवणार. तुम्ही पदर सावरून चुलीकडे वळता.

आता 1958. घर तेच, गिरणीही तीच. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येते. पोस्टमन ओटीवर टेकतो, पाणी पितो, नोटा मोजतो. कागदावर अंगठा सासऱ्यांचा. फॉर्मच्या तळाशी मजकुराला दोन बोटं जागा असते. तिथे लिहिलेलं असतं, ‘पैसे पोचल्याचे कळवावे’.

तेवढ्यात तालुक्याहून तारवाला येतो. सायकल दिसताच शेजारणी धावत येतात, सासूबाई हंबरडा फोडतात. तार म्हणजे कुणीतरी गेलंच, अशी गावाची समजूत. तार इंग्रजीत. शाळेतून गुरुजींना बोलावून आणेपर्यंत निम्मी वाडी अंगणात जमलेली. गुरुजी चष्मा लावतात, वाचतात आणि हसतात. ‘शुक्रवारी निघतो.’ बस्स. शब्दागणिक पैसे पडतात, तेव्हा कारण कोण लिहील?

परळहून निघालेला निरोप त्याच दिवशी राजापुरात, ही कमालच. पण तुमचं वाक्य तारेने जाण्यातलं नाही. ते आधी तारमास्तरला सांगावं लागेल.

1991. गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणी गेली, नवरा आता वॉचमन. लालबागेत पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये तो उभा आहे. 1984 साली सुरू झालेल्या सी-डॉटने धुळीत, उकाड्यात, एसीशिवाय चालणारी छोटी एक्स्चेंजं बनवली आणि फोन खेड्यापर्यंत आला. तुमच्या गावात तो वाण्याच्या दुकानात आहे, गुळाच्या ढेपेशेजारी. पोरगं ओरडत येतं, “काकी, मुंबईचा फोन! दहा मिनिटांत परत करतायत!” तुम्ही हात पुसत धावता.

रात्री अकरानंतर दर पाव होतो, पण तोवर दुकानाला कुलूप लागलेलं असतं. म्हणून बोलायचं ते संध्याकाळी, महाग दराने, ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत. घंटा वाजते. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज कानात येतो आणि तुमचा गळा दाटतो. त्याची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. तुमच्या मागे साखर बांधून घेणारे चौघे कान टवकारून, त्यात दीरही. सासरे गेल्यापासून मनिऑर्डर त्याच्या नावे येते.

“बरं आहे ना?”

“बरं आहे.”

“पैसे पोचले?”

“पोचले.”

फोन ठेवता. कुणाच्या हाती पोचले, ते आत राहिलं.

2006. मोबाइल आलाय, पण दिराचा. रेंज फक्त वर सड्यावर. 2003 पासून आलेल्या कॉलचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे मुंबईला दोन रिंगा देऊन कट करायचं, की नवरा उलट फोन करतो. जांभ्या कातळावर, भणाणत्या वाऱ्यात तुम्ही फोन कानाला घट्ट धरता. वाणी नाही, गुरुजी नाहीत. चार पावलांवर दीर मात्र आहे, बॅटरी संपेल म्हणून घाई करत. वाक्य जिभेवर येतं आणि परत जातं.

2018. तारसेवा बंद होऊन पाच वर्षं झाली. स्वस्त डेटा गावापर्यंत पोचलाय. मुलाचा जुना फोन तुमच्याकडे आहे, स्क्रीनला तडा गेलेला, पण तुमचा स्वतःचा. नातीने एकदाच दाखवलं, “आज्जी, हा माइक दाबून धर, बोल आणि सोड.” लिहिता यायला नको, वाचता यायला नको. परसात नेट मिळतं तिथे, फणसाखाली तुम्ही उभ्या राहता. आसपास कुणी नाही.

पहिल्यांदा नुसता श्वास रेकॉर्ड होतो. तो पुसून टाकता. मग बोलता, आपल्या बोलीत, आपल्या रागात. लुगड्याचं, औषधाच्या पैशांचं, दिराने न विचारता विकलेल्या काजूंचं. मधे एकदा रडता, एकदा शिवीही देता. सव्वाशे वर्षांत निरोप दिवसांवरून क्षणावर आला, याचं कौतुक सगळे करतात. पण वेग तर तारेलाही होता. तुमच्या दृष्टीने यंत्रांनी खरं काम केलं ते मधली माणसं एकेक करून उठवण्याचं. भटजी उठले, तारमास्तर उठला, वाणी उठला, दीर उठला.

थोड्या वेळाने माइकचं चिन्ह निळं होतं. म्हणजे ऐकलं. ‘पत्र मिळालं नाही’ ही सबब आता चालायची नाही.

उत्तर येतं, त्याच्याच आवाजात, जरा वरमलेलं: “पासबुकाचा फोटो पाठव. पुढच्या महिन्यापासून तुझ्याच खात्यावर टाकतो.”