‘अन’, ‘इन’ आणि टँकरवरची पाटी



गेल्या पावसाळ्यात आमच्या फाट्यावर पेट्रोलचा एक टँकर चिखलात रुतून बसला होता. पोरं भोवती जमलेली. गटातल्या एका ताईची नात, तिसरीतली, टँकरच्या पाठीवरची इंग्रजी अक्षरं जोडून वाचत होती. हायली इनफ्लेमेबल. वाचून झाल्यावर मोठ्या ऐटीत तिनं अर्थ सांगितला, “फ्लेम म्हणजे जाळ, इन म्हणजे नाही. हा टँकर पेटतच नाही!” चार पावलांवर एक बाप्या विडी ओढत उभा होता.

त्याला मी आधी लांब पिटाळलं, मग पोरीला जवळ घेतलं. कारण ‘इन म्हणजे नाही’ हे तिला मीच शिकवलं होतं, संध्याकाळच्या अभ्यासवर्गात, आदल्याच आठवड्यात. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल अशी जोड्यांची यादी फळ्यावर लिहून दिली होती. यादी बरोबर होती, शिकवणं अर्धवट होतं.

2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून विरुद्धार्थी शब्दांच्या या याद्या घरोघरी पाठ होतात. पोरं विचारतात, हॅपीला ‘अन’ का, पॉसिबलला ‘इम’ का, ऑनेस्टला ‘डिस’ का? आपण म्हणतो, असंच असतं, पाठ कर. पण ते असंच नाही. त्यामागे राज्यं आली-गेल्याची गोष्ट आहे.

इंग्लंडात पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याकडून अँग्लो-सॅक्सन लोक येऊन वसले. शेतकरी, गुराखी माणसं. त्यांच्या बोलीत नकारासाठी ‘अन’ होता. अनहॅपी, अनवेल, अनकाइंड यांतला ‘अन’ तो हाच, घरचा. पुढे 1066 साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम फौज घेऊन उतरला, हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि राजा झाला. दरबारात फ्रेंच चालू लागली, कायद्याच्या आणि धर्माच्या कागदांत लॅटिन तर होतीच. त्या वाटेनं ‘इन’ आला, ‘डिस’ आला. ‘इन’ म्हणजे नाही, आणि ‘डिस’चा मूळ अर्थ वेगळं, दूर.

आपल्याला हे नवल वाटायला नको. बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात फारसी दरबारात बसली, तेव्हा आपल्याकडेही ‘बे’, ‘ना’, ‘गैर’ आले. बेकायदा, नापसंत, गैरहजर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘गैरहजर’ काही हलला नाही. आजही शाळेच्या हजेरीपटावर तोच. उलट आपण त्या परक्या ‘गैर’ला आपली ‘सोय’ जोडून ‘गैरसोय’ केली, ‘बे’ला भरवसा जोडून ‘बेभरवशाचा’ केला. इंग्रजांनीही तेच केलं. ‘लाइक’ त्यांचा घरचा, ‘डिस’ बाहेरचा, झाला डिसलाइक. म्हणून नियम विचारू नका. ‘एबल’चं उलट अनएबल, पण ‘एबिलिटी’चं इनएबिलिटी. एकाच घरातल्या दोन शब्दांना दोन वेगळे पाहुणे चिकटलेत. हे कानानंच बसतं.

एक गोष्ट मात्र पाठ करावी लागत नाही, ती तोंडच करतं. ‘संत’ म्हणा. आता ‘संप’ म्हणा. टिंब दोन्हीकडे एकच, पण पहिल्यात न ऐकू येतो, दुसऱ्यात म. कारण प म्हणताना ओठ मिटावेच लागतात. लॅटिनच्या ‘इन’चं हेच झालं. पुढे प, ब किंवा म आला की ‘इम’: इम्पॉसिबल, इम्मॉरल. पुढे ल आला की इल्लीगल, र आला की इर्रेग्युलर. आपल्याकडे उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, तसंच. पोरांना यादी देण्याआधी संत-संप म्हणायला लावा. ती ओठाला बोट लावून बघतात आणि हसतात, पण विसरत नाहीत.

आता यातलं मला सगळ्यात आवडतं ते सांगते. 1786 साली कलकत्त्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं. तो संस्कृत शिकत होता. त्यानं म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन इतक्या सारख्या आहेत की त्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी शब्द लावून पाहिले, तेव्हा नकाराचा हा तुकडाही सापडला. संस्कृतात अ किंवा अन, ग्रीकात तेच, लॅटिनात इन, इंग्रजीत अन. चौघी सख्ख्या बहिणी. अज्ञान, अन्याय यांत व्यंजनापुढे अ, आणि अनादर, अनावश्यक यांत स्वरापुढे अन. आणि आरोग्य शिबिरात आपण ऐकतो तो ‘ॲनिमिया’? ग्रीकात ‘हायमा’ म्हणजे रक्त. त्याच्यापुढे तोच आपला ‘अन’. म्हणजे रक्त नसणं.

मग टँकरचं काय? लॅटिनात ‘इन’ दोन होते. एक ‘नाही’वाला आणि दुसरा ‘आत’वाला. मोबाइलवर इनकमिंग येतं, तेव्हा त्या इंग्रजी ‘इन’चा अर्थ आतच ना? इनफ्लेमेबलमध्ये लॅटिनचा हा आतवाला बसलाय: ज्याच्या आत जाळ शिरतो, जे भडकतं. घोटाळा फक्त आमच्या पोरीचाच होतो असं नाही. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं याच भीतीनं ‘इन’ गाळून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहा असा आग्रह धरला. आपल्या रस्त्यांवर मात्र अजून ‘इनफ्लेमेबल’च धावतंय.

‘अन’मध्येही दोन आहेत, वेगवेगळ्या मुळांचे, बोलताबोलता एकसारखे झालेले. अनहॅपी म्हणजे आनंदी नाही. पण अनलॉक म्हणजे ‘कुलूप नाही’ असं नाही. कुलूप होतं, ते काढलं. टाळेबंदीनंतर 2020 साली हा शब्द आपण सगळ्यांनी रोज ऐकला. अनपॅक, अनडू, तीच जात.

बँकेच्या पासबुकावर इनअ‍ॅक्टिव्ह, रेशनच्या मशीनवर इनव्हॅलिड, हे तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलंय. तिथं ‘नाही’वालाच आहे, आणि तो वेळेवर कळला नाही तर एक फेरी वाया जाते. पण इनव्हॅल्युएबल दिसला तर घाबरू नका. मोल नसलेलं असा त्याचा अर्थ नाही, मोल करताच येत नाही असा आहे. आपल्या ‘अनमोल’सारखा.

त्या पोरीनं आता वहीचं पान दुमडून दोन रकाने केलेत. एकावर ‘नाही’, दुसऱ्यावर ‘आत’. दुसऱ्या रकान्यात पहिला शब्द टँकरचा आहे, आणि शेजारी तिनं विडीचं चित्र काढून त्यावर फुली मारलीय.