सरळ काडी जंगलात सापडत नाही



मागच्या आठवड्यात आमच्या चौथीतल्या लेकाने बॅकयार्डमध्ये धनुष्यबाण केला. धनुष्य बरं जमलं, पण बाण काही केल्या सरळ जाईना. दहा काड्या वाया गेल्यावर वैतागून म्हणाला, "बाबा, इथे एकही सरळ काडी नाहीये!" शाळेत त्यांचा सध्या कॅलिफोर्नियाचा इतिहास चालू आहे, म्हणून त्याला इशींची गोष्ट सांगितली. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकलेली नसेल, म्हणून लिहितोय.

२९ ऑगस्ट १९११. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात पन्नाशीच्या आसपासचा एक उपाशी माणूस सापडला. तो याही लोकांपैकी होता. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८६० च्या दशकात याहींच्या कत्तली केल्या. वाचलेली मूठभर माणसं पुढची जवळजवळ चाळीस वर्षं डियर क्रीकच्या दऱ्यांत लपून राहिली. एकेक करत सगळी गेली आणि हे एकटे उरले.

त्यांचं खरं नाव कुणालाच कळलं नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे आपलं नाव आपण सांगायचं नसे, ओळख दुसऱ्याने करून द्यायची. आपल्या आज्या उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच काहीसं. पण इथे ओळख करून देणारं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांना 'इशी' म्हणायला सुरुवात केली. याना भाषेत इशी म्हणजे माणूस.

इशी सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला आले. शेजारच्या मेडिकल स्कूलमधले सर्जन डॉ. सॅक्स्टन पोप यांच्याशी त्यांची दोस्ती झाली. पोप त्यांच्याकडून तिरंदाजी शिकले आणि बाण कसा करायचा तेही बारकाईने टिपून ठेवलं.

तर बाण असा व्हायचा. हेझलच्या झुडपाचे लांब, सरळ फोक निवडायचे. आपल्याकडे निरगुडीचे असतात ना (आमच्या पिढीने गुरुजींच्या हातात पाहिलेले!), तसे. बुडाशी साधारण करंगळीएवढे जाड. साल खरवडून काढायची, चार-पाच काड्यांची जुडी घट्ट बांधायची आणि सावलीत वाळत ठेवायची. उन्हात ठेवली तर लाकूड तडकतं, वाकतं. घाई केली तर ओली काडी सरळ केली तरी पुन्हा आपल्या वळणावर जाते.

वाळल्यावर खरं काम सुरू. काडी एका डोळ्याने न्याहाळायची. जिथे बाक असेल तो भाग निखाऱ्यांवर धरायचा, गरम झाला की पायाच्या अंगठ्यावर टेकवून हळूच दाबायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरायचा. मग पुढचा बाक. त्यानंतर वालुकाश्माच्या दोन तुकड्यांमध्ये धरून, मांडीवर फिरवत गुळगुळीत करायची. शेवटी पिसं, हरणाच्या स्नायूच्या ओल्या धाग्याने बांधलेली.

म्हणजे सरळ काडी सापडत नाही, ती करावी लागते. आणि गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. मोकाट वाढलेल्या झुडपाला फांद्या फुटतात, गाठी येतात. लांब, एकसारखे फोक येतात ते झुडूप बुंध्याशी छाटल्यावर किंवा जाळल्यावर, नव्या फुटव्यांतून. कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी त्यासाठी ठरावीक काळाने झुडपं छाटायचे, रान हलकंसं जाळायचे. गोऱ्यांना जे 'जंगली' वाटलं, ती पिढ्यान्‌पिढ्या राखलेली बाग होती. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने मूळ रहिवाशांसंबंधी जो कायदा केला, त्यात गवताळ रानाला आग लावणं हा गुन्हा ठरवला. एका कलमाने बाणाचं मूळच तुटलं.

मे १९१४ मध्ये इशी या मित्रांबरोबर डियर क्रीकला परत गेले. पोप यांचा लहान मुलगाही बरोबर होता. ज्या रानात आपली सगळी माणसं गमावली, तिथे हा माणूस दुसऱ्याच्या मुलाला शिकवत होता. मला तर हे लिहितानाही गलबलून येतं.

२५ मार्च १९१६ ला क्षयाने इशी गेले. पोप यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत हौसेने तिरंदाजी करणाऱ्या कित्येकांपर्यंत ही विद्या पोचली. भाषेचं मात्र तसं झालं नाही. ध्वनिमुद्रणं झाली, भाषातज्ज्ञांनी शब्द उतरवून घेतले, पण इशींशी रोज याही बोलणारं कोणी नव्हतं. बाणाला शिष्य मिळाला, भाषेला मिळाला नाही.

लेकाने विचारलं, "त्यांना का मारलं?" मी टाळलं नाही, झेपेल तेवढं खरं सांगितलं. आपण राहतो ती जमीन कुणाची होती, हे आपल्या मुलांना माहीत असावं असं मला वाटतं.

रविवारी आम्ही आमच्याच कुंपणाचे फोक कापले (स्टेट पार्कमधून काही तोडू नका, मनाई आहे). साल काढली, जुडी बांधली, गॅरेजमध्ये सावलीला ठेवली. आता रोज शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न, "बाबा, वाळले का?" चक्क मराठीत!

तुमच्याकडे मुलं हाताने काय करायला शिकतायत? आणि ते शिकवताना तुम्ही कुठल्या भाषेत बोलता? जरूर लिहा.