काडीवरचा धागा

केळं घ्यायचं ते चट्टे पडलेलं, बाजारात कुणी हात लावणार नाही असं. वाडग्यात चमच्याने चेचायचं. अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड फेस न करता ढवळायचं, ते लगद्यात मिसळायचं आणि दहा मिनिटांनी चहाच्या गाळणीतून गाळायचं. मग बर्फात ठेवून गार केलेलं स्पिरिट पेल्याच्या कडेने सोडायचं, अगदी हळू. दोन थरांच्या मध्ये पांढरट, बुडबुडे धरलेलं काहीतरी जमू लागतं, पिंजलेल्या कापसासारखं. मसाला खरवडून धुतलेली अगरबत्तीची काडी त्यात फिरवली की ते काडीला गुंडाळून येतं. केळ्याचा डीएनए.

जळगावच्या रावेर-यावलकडे केळ्याला तोटा नाही, त्यामुळे हा प्रयोग आमच्याकडे फुकटात होतो. एकदा स्पिरिट मिळालं नाही म्हणून मी हातावर चोळायचं जेल ओतलं, तर पेल्यात नुसती खीर झाली. वर्गातली पोरं अजून आठवण काढतात.

या प्रयोगाचं कूळ मात्र केळ्यापर्यंत जात नाही, ते जातं पुवापर्यंत. १८६९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात, पूर्वी जिथे मुदपाकखाना होता त्या खोलीत, फ्रिडरिश मीशर नावाचा चोवीस वर्षांचा स्विस डॉक्टर जवळच्या शस्त्रक्रिया दवाखान्यातून आलेल्या जखमांच्या पट्ट्या धूत बसला होता. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, त्या त्याला हव्या होत्या. कोमट अल्कोहोलने त्याने त्यांतली चरबी काढली. डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने प्रथिनं पचवली. मागे उरलेल्या केंद्रकांतून एक पदार्थ निघाला. त्यात फॉस्फरस होता आणि तो प्रथिनासारखा वागत नव्हता. मीशरने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. गुरू होप-झायलर यांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी सगळं स्वतःच्या हाताने पुन्हा करून पाहिलं आणि मगच, १८७१ मध्ये, मीशरचा निबंध छापला.

काडीला गुंडाळण्याची गंमत मीशरकडे नव्हती. ती दिसते न्यूयॉर्कच्या ऑस्वल्ड एव्हरींच्या प्रयोगशाळेत. न्यूमोनियाच्या जंतूंमध्ये गुण कोण बदलतं, याचा शोध ते घेत होते. द्रावणात अल्कोहोल थेंबथेंब सोडताना एका ठरावीक प्रमाणाला तंतू सुटे व्हायचे आणि ढवळायच्या काचेच्या कांडीभोवती आपोआप लपेटायचे. १९४३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात एव्हरींनी त्याला रिळावरच्या दोऱ्याची उपमा दिली. पुढच्या वर्षी मॅकलिऑड आणि मॅकार्टी या सहकाऱ्यांसह त्यांनी जाहीर केलं, की गुण बदलणारा पदार्थ हाच, डीएनए.

आता साबणाकडे. १९६१ मध्ये ज्युलियस मार्मर यांनी जिवाणूंमधून डीएनए काढण्याची कृती लिहून दिली. पेशी फोडायला त्यांनी सोडियम डोडेसिल सल्फेट वापरलं. टूथपेस्टच्या खोक्यावर सोडियम लॉरिल सल्फेट म्हणून छापलेलं असतं, ते हेच. पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण स्निग्ध असतं, साबण ते खरकट्या ताटासारखं धुऊन नेतो. डीएनएवर ऋण भार असल्याने त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलतात. मिठातलं सोडियम तो भार झाकतं. आणि अल्कोहोलमध्ये, म्हणजे आपल्या स्पिरिटमध्ये, डीएनए विरघळत नाही, म्हणून तो बाहेर पडतो.

एक खरं सांगायला हवं. काडीवर जे येतं ते सगळं डीएनए नसतं. केळ्यातलं पेक्टिन आणि थोडी प्रथिनंही त्यात असतात. शुद्ध डीएनए हवा असेल तर केळी ही मोठी खाष्ट बाई आहे. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे घड कापणाऱ्या मजुराला सांगावं लागत नाही. ते डाग पाडणारी टॅनिनसारखी द्रव्यंच प्रयोगशाळेत नमुना काळा करतात. शिवाय पेक्टिनसारखे पदार्थ वेगळे काढायला तिथे साबणही वेगळा लागतो, सीटॅब नावाचा.

सीबीएसईच्या बारावीच्या प्रात्यक्षिकांत डीएनए काढण्यासाठी पालक, हिरवे वाटाणे आणि पपई सुचवली आहे. शिरपूर-शहाद्याच्या पपईला मान मिळाला, याचा धुळे-नंदुरबारकरांना आनंद असेल. शिवाय पपईच्या चिकात पपेन असतं, प्रथिनं पचवणारं, म्हणजे मीशरच्या पेप्सिनचाच भाऊ. आमचं केळं मात्र ‘इत्यादी’त. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ‘इत्यादी’तच!

मागे वर्गात चाळीस पोरांनी घरून चाळीस केळी आणली. बहुतेक सगळी ग्रँड नैन, शेतकऱ्याच्या तोंडी जी-नाईन. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठी बुटकी’, आणि ती खरंच तशी आहे. तिच्या पेशीत अकरा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणून बी धरत नाही. कंद लावा नाहीतर टिश्यू कल्चरचं रोप आणा, वाढते ती आधीच्या झाडाचीच नक्कल. हे सांगून होतंय तोवर मागच्या बाकावरून आवाज आला.

“सर, म्हंजे आमच्या बागेतलं आन् याच्या बागेतलं एकच?”

“जवळजवळ एकच.”

“मंग याच्या केळीले भाव जास्ती काहून?”

काडीवरचा धागा तेवढ्यात निसटून परत पेल्यात पडला.