सिलिंडरची नाडी

सागरी डिझेल इंजिन अडखळत चालू लागले की आधी दोषी सिलिंडर हुडकावा लागतो. 1912 साली कोपनहेगनच्या बर्माइस्टर अँड वाइन कारखान्याने बांधलेल्या ‘सेलांडिया’ जहाजावर असे सोळा सिलिंडर होते : आठ-आठ सिलिंडरांची दोन इंजिने, प्रत्येकी 1250 अश्वशक्तीची. त्या काळी इंधन फवारण्यासाठी दाबाखालची हवा वापरत. इंजिनावरचा भार कमी असताना ही हवा बेताने सोडली नाही, तर ती प्रसरण पावून थंड होई, ज्वलन मंदावे आणि सिलिंडर ‘मिस’ मारी. हवेचा दाब सांभाळत बसणे हे पाळीवरच्या इंजिनिअरचे मोठेच काम होते.

निदानाचे मुख्य साधन मात्र वाफेच्या जमान्यातून आले. जेम्स वॉटचा मदतनीस जॉन सदर्न याने 1796 च्या सुमारास दाबमापकाला पेन्सिल आणि सरकती फळी जोडली. सिलिंडरातला दाब पिस्टनच्या हालचालीबरोबर कागदावर उमटू लागला. वॉटच्या कारखान्याने ही युक्ती बरीच वर्षे गुपित ठेवली. पुढे फळीची जागा फिरत्या ढोलाने घेतली आणि ‘इंडिकेटर’ नावाचे हेच साधन डिझेल जहाजांवर आले.

दाबाची ही आकृती, म्हणजे ‘कार्ड’, घेण्याची रीत ठरलेली असे. सिलिंडरवरचा कॉक क्षणभर उघडून काजळी उडवून लावायची, इंडिकेटर घट्ट बसवायचा, ढोलावर कागद गुंडाळून दोरी अडकवायची आणि पेन्सिलीचे टोक हलकेच टेकवायचे. उमटलेल्या आकृतीच्या क्षेत्रफळावरून सिलिंडरचे काम मोजता येई. पण डिझेलचा खरा खेळ पिस्टन वरच्या टोकाला असताना चालतो आणि साध्या कार्डात तो भाग एका टोकाशी दाटून जातो. यावर तोड म्हणून दोरी हाताने झटकन ओढून ‘ड्रॉ कार्ड’ काढू लागले. त्यात दाबाची चढण पसरट दिसते. शिखर बुटके आणि उशिरा आले, तर इंधन उशिरा पडते आहे; ते फार उंच गेले, तर लवकर. इंधन बंद करूनही दाब पुरेसा चढला नाही, तर रिंगा किंवा झडप गळते आहे.

एक्झॉस्टचे तापमान पाहणे त्याहून सोपे, म्हणून बरेच जण तेवढ्यावरच भिस्त ठेवत. ही सवय फसवी. इंधन उशिरा पडले तरी तापमान चढते आणि ते उतरवायला पंपाचे इंधन कमी केले, तर आधीच दुबळा सिलिंडर आणखी दुबळा होतो.

ज्या छोट्या बोटींवर इंडिकेटर नसे, तिथे एकेका सिलिंडरचे इंधन तोडून पाहत. ज्याचे तोडल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तोच चोर. इंधनाच्या नळीवर बोटे ठेवून ठोके जोखण्याची पद्धतही जुनीच.

इंजिनांचा वेग वाढला तसे स्प्रिंगचे इंडिकेटर अपुरे पडले. त्यातले तरफेचे भाग स्वतःच थरथरत आणि रेघ वाकडीतिकडी येई. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब पडला की विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवले होते. त्या तत्त्वावरचे संवेदक आले आणि आलेख पडद्यावर दिसू लागला. इंधन सोडण्याची वेळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरवणाऱ्या आजच्या मोठ्या इंजिनांत दुरुस्तीही तिथूनच होते. तरीही मुंबईत तोंडी परीक्षेला बसणाऱ्या मरीन इंजिनिअरला ड्रॉ कार्ड रेखाटून त्यातला दोष सांगण्याची तयारी करावी लागते.