राजगुरूचा डोळा

1934 सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एकच डोळा अख्खा पडदा व्यापतो. टेलिफोटो लेन्सनं टिपलेला हा डोळा मराठीत केशवराव दात्यांचा, हिंदीत चंद्रमोहनचा. त्याचं कूळ जर्मन, हे सगळ्यांना मान्य. आधीच्या ‘सैरंध्री’ चित्रपटाचं रंगकाम करून घ्यायला दिग्दर्शक व्ही. शांताराम 1933 मध्ये जर्मनीला गेले, रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच साली त्यांची प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात आली आणि तिथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’च.

पण जर्मनीतला कोणाचा डोळा? बरेच जण फ्रिट्झ लांगच्या डॉ. माबुझेचं नाव घेतात. 1922 सालचा हा जुगारी नजरेनं माणसं बांधून लुटतो. पुढच्याच वर्षी तिथं सकाळच्या पगाराची संध्याकाळी रद्दी होऊ लागली, तेव्हा असला खलनायक लोकांना ओळखीचाच वाटला असणार. माझं मत मात्र 1920 च्या डॉ. कॅलिगारीला. तो स्वतः सुरी धरत नाही. झोपेत चालणाऱ्या सेझारेकडून खून करवतो. आपला राजगुरूही राजा क्रांतिवर्म्याला मारण्याचं काम यशोधर्म्याच्या गळ्यात घालतो. (चित्रपट समीक्षक क्राकाउअरनं 1947 साली या संमोहकांत हिटलरची चाहूल वाचली. हिटलर होऊन गेल्यावर ती वाचणं सोपंच होतं.)

तरी एक खिळा सलतोच. जर्मनीत हा डोळा डॉक्टरांना मिळाला, आपल्याकडे तो पुरोहिताकडे कसा गेला? इथं मी सरळ कोल्हापूर गाठतो. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला राजपुरोहितांनी नकार दिला तेव्हा, शाहू महाराजांनी 1902 मध्ये राजोपाध्यांचं वतन जप्त केलं. राजा विरुद्ध राजपुरोहित हे भांडण त्या गावच्या पोरांनी ऐकतच वाढायचं, आणि शांतारामबापू 1901 चे, कोल्हापूरचेच. चित्रपटातला राजा चंडिकेपुढचे बळी थांबवतो आणि राजगुरू उलटतो. यावर आक्षेप ठरलेला: कथा नारायण हरी आपट्यांची, कोल्हापूरचा काय संबंध? कबूल. पण शेकडो कथांतून हीच का उचलली, याचं उत्तर आपट्यांकडे नाही. शिवाय 1930 पासून नाशकात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. देवळाच्या दारात कोण उभं राहून अडवतं, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात कशाचंही मूळ अजिंठ्यात नेण्याची हौस दांडगी, तेव्हा डोळाही तिथलाच असं म्हणणारे भेटतात. पण पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची नजर खाली झुकलेली, स्वतःत बुडालेली. ती कुणाला बांधत नाही. उजेडाचं म्हणाल तर वाद नको: त्याच लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर गाईड डावीकडून, उजवीकडून, समोरून बॅटरी मारतात आणि दर खेपेला चेहऱ्यावरचा भाव बदलतो. बर्लिनच्या स्टुडिओत दिव्यांचे तेच खेळ चालत. तेवढ्यावरून नातं जोडायला मी तयार नाही; राजगुरूचं माहेर जर्मनी, सासर कोल्हापूर.