नागरिकत्व, भारतीय संविधानातील

भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागात (अनुच्छेद ५ ते ११) संविधान अमलात येताना भारताचे नागरिक कोण, एवढेच ठरवले आहे. भारतात अधिवास आणि त्याच्या जोडीला येथील जन्म, आईवडिलांपैकी एकाचा जन्म किंवा आधीची किमान पाच वर्षे वास्तव्य, ही अनुच्छेद ५ ची कसोटी. त्यात धर्म वा जात नाही. फाळणीतील स्थलांतरितांसाठी अनुच्छेद ६ व ७ आहेत. पुढचे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेला दिला. त्यातून नागरिकत्व अधिनियम, १९५५ झाला. गोवा मुक्त झाल्यावर तेथील रहिवाशांना १९६२ च्या आदेशाने नागरिकत्व मिळाले.

स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणारा भारतीय नागरिक राहत नाही, हे तत्त्व अनुच्छेद ९ मध्ये आले आणि अधिनियमाने पुढे चालू ठेवले. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या संदर्भात ते विशेष जाणवते. १९४८ नंतर रायगडातील (तेव्हाचा कुलाबा जिल्हा) अनेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथील १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यूंना स्थायिक होण्याचा हक्क दिला, म्हणजे निकष वंश व धर्माचा. भारतीय व्याख्येहून अगदी निराळा. इस्रायली नागरिकत्व स्वीकारणाऱ्यांचे भारतीय नागरिकत्व संपले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड नावाने नागरिकत्व भासले, तरी तो दीर्घकालीन प्रवेशपरवानाच आहे: कार्डधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.