बसमधला जिना

लंडन हॉस्पिटलमध्ये मरणोत्तर तपासणीच्या नोंदी काटेकोरपणे लिहून ठेवत असत. दुसरं महायुद्ध संपल्यावर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९०७ पासूनची ती बाडं बाहेर काढली आणि वाचत वाचत ते १९४९ पर्यंत आले. हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू त्या चाळीस वर्षांत कितीतरी पटींनी वाढले होते. तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्याचं प्रमाणही तसंच वाढलेलं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. ते वाढलेलं नव्हतं. शतकाच्या आरंभी वारलेल्या माणसांच्या रक्तवाहिन्याही तितक्याच खराब होत्या, किंबहुना थोड्या जास्तच. म्हणजे दोष जुना होता आणि त्याने येणारं मरण नवं. आजोबांच्या पिढीने जे अंगावर पेललं, ते नातवांना पेलवेना. मधल्या काळात जगण्यातलं नेमकं काय बदललं, हा मॉरिस यांच्यापुढचा प्रश्न होता.

मॉरिस १९१० मध्ये लिव्हरपूलला जन्मले आणि ग्लासगोत, स्थलांतरित ज्यू कुटुंबात, गरिबीतच वाढले. युद्धकाळात ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलातून भारतात आणि ब्रह्मदेशात होते. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणारं एक छोटं पथक उभं केलं, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांनी ठरवलं, की माणसं कोणत्या आजाराने मरतात एवढंच पाहायचं नाही. ती दिवसभर काय काम करतात हेही पाहायचं.

त्यासाठी त्यांना लंडन ट्रान्सपोर्टच्या बसगाड्या मिळाल्या. याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. लंडनची दुमजली बस त्या काळी दोन माणसं चालवत. पुढच्या बंद खोक्यात ड्रायव्हर एकटा बसे. मागच्या उघड्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंतचा सगळा कारभार कंडक्टरचा. दोघं एकाच थरातले, पगारात फार फरक नाही, राहणी सारखी, पाळ्या सारख्या, हवा आणि धूरही तोच. फरक एवढाच, की एक बसलेला आणि दुसरा सतत फिरता. मॉरिस यांच्या पथकातली माणसं बसमध्ये बसून मोजत राहिली. ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून असतो. कंडक्टर दिवसभरात ५०० ते ७५० पायऱ्या चढतो.

३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. ड्रायव्हरांमध्ये हजारी वर्षाला २.७ जणांना हृदयविकार होत होता, कंडक्टरांमध्ये १.९ जणांना. शिवाय कंडक्टरला विकार जडलाच, तर तो उतारवयात आणि पुष्कळदा छातीतल्या कळेच्या रूपाने येई. पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये स्पष्टपणे जास्त होतं. १९४९ मध्ये हे आकडे हाती येऊ लागले, पण मॉरिस यांनी घाई केली नाही. ड्रायव्हरला लंडनच्या रहदारीचा ताण असतो, तो ताणच त्याला मारत असेल, असं कुणीही म्हणू शकलं असतं. म्हणून ते टपाल खात्याकडे वळले. सायकलवरून आणि पायी पत्रं वाटणारा पोस्टमन एका बाजूला, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसऱ्या बाजूला. इथे रहदारी नाही, स्टिअरिंग नाही, मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. तरी बसणाऱ्यांचं हृदय आधी थकत होतं. नोव्हेंबर १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या दोन अंकांत हे सारं छापून आलं.

टेबलाशी बसून काम करणाऱ्या माणसाच्या इतिहासात हा निबंध मी फार मोलाचा मानते. बैठ्या कामाचे तोटे त्याआधी कुणी सांगितले नव्हते असं नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने १७०० मध्ये धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. बसून काम करणाऱ्या शिंप्यांना आणि चर्मकारांना त्याने निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवा असं बजावलं आहे. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. सतत बसणं, हाताची एकाच दिशेने होणारी न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारं दडपण, ही लेखनिकांच्या दुखण्यांची त्याने दिलेली तीन कारणं आजच्या कुठल्याही संगणकावरच्या माणसाला लागू पडतात. पण रामात्सिनीकडे निरीक्षण होतं, मोजमाप नव्हतं. मॉरिस यांनी पायऱ्या मोजल्या, माणसं मोजली आणि दोन्हींची सांगड घातली.

त्यापुढे त्यांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटतो. १९५६ मध्ये त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या गणवेशांवर एक निबंध लिहिला. गणवेश शिवताना मापं घेतली जात, ती लंडन ट्रान्सपोर्टच्या दप्तरात होती. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर प्रत्येक वयोगटात कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि ती तरुण वयोगटातही मोठी होती. याचा अर्थ अडचणीचा होता. नोकरीला लागतानाच ड्रायव्हरच्या जागी जाणारी माणसं जरा वेगळ्या अंगलोटाची असावीत. सगळं पाप खुर्चीच्या माथी मारता येणार नाही. आपल्याच निष्कर्षाला आपणच छिद्र पाडून ते जगासमोर ठेवणं सोपं नसतं. हे छिद्र कसं बुजवायचं या विचारात त्यांची पुढची वर्षं गेली.

माझे वडील मुंबईत दुमजली बसवर कंडक्टर होते. मुंबईत दुमजली बस १९३७ पासून धावू लागली, ती लंडनच्या धर्तीवरच. पण एक मोठा फरक होता. आमच्याकडे खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगवेगळा कंडक्टर असे. गर्दीच्या वेळी एकाच माणसाने दोन्ही मजले सांभाळणं मुंबईत शक्यच नव्हतं. म्हणजे वरचा कंडक्टर पाळीभर वर आणि खालचा खाली. लंडनच्या कंडक्टरच्या वाट्याला आलेला जिना माझ्या वडिलांच्या वाट्याला त्या प्रमाणात आला नाही. त्यांचं काम वेगळं होतं. धावत्या गाडीत, दांड्याला न धरता, सीटला मांडी टेकवून तोल सांभाळायचा, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच. पंच टकटक वाजवत माणसांच्या भिंतीतून वाट काढायची आणि दर थांब्याला दाराशी परत यायचं. त्यांचं शरीर शेवटपर्यंत काटक राहिलं. त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तर मॉरिस यांना ३१ हजार लागले.

वडिलांनी मला शिकवलं ते मी टेबलाशी बसावं म्हणून. मी एका बँकेत लेजर क्लार्क म्हणून लागले तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मुलीला दिवसभर उभं राहावं लागणार नाही, पंख्याखाली बसून काम आहे, यात त्यांना आयुष्याचं सार्थक वाटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. शिवाय तेव्हाची बँक आजच्यासारखी बसकी नव्हती. सकाळी स्ट्राँगरूममधून लेजरं काढायची, कडेवर घेऊन काउंटरला आणायची, संध्याकाळी परत ठेवायची. चेक आला की टोकन द्यायचं, लेजरात नोंद करायची, सही पडताळायला नमुन्याच्या कार्डांपाशी जायचं, मग लेजर पासिंग ऑफिसरच्या टेबलावर. शिपाई होता, पण तो एक आणि काउंटरं सहा, तेव्हा कागद आपला आपण न्यावा लागे. जुनं व्हाउचर हवं असलं तर माळ्यावरच्या रेकॉर्डमध्ये शिडी लावून चढा. हे कुणी व्यायाम म्हणून करत नव्हतं. हा बँकिंगचाच भाग होता.

संगणक आले आणि ही चाल थांबली. लेजर पडद्यावर आलं, सही पडद्यावर आली, ऑफिसरची मंजुरी त्याच्या टेबलावरून माझ्या टेबलावर तारेतून येऊ लागली. ग्राहकाचं काम चुटकीसरशी होऊ लागलं, हिशेबाचा ताळा जुळत नाही म्हणून रात्री नऊपर्यंत थांबणं संपलं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण कामाचा वेग वाढवताना माणसाच्या अंगाची हालचाल काढून घेतली जात होती, आणि ती कुठल्याही प्रस्तावात, कुठल्याही परिपत्रकात नमूद झाली नाही. लंडनच्या बसमधल्या त्या पायऱ्या मॉरिस यांनी मोजल्या म्हणून जगाला त्यांची किंमत कळली. आमच्या शाखेतल्या पायऱ्या कुणीच मोजल्या नव्हत्या.

इथे मॉरिस यांचं दुसरं मोठं काम उपयोगी पडतं, आणि ते थेट टेबलवाल्यांवरचंच आहे. काम जर सगळ्यांचंच बैठं होत चाललं, तर कामावरून माणसांची तुलना कशी करणार? मग उरते ती फुरसत. १९६८ ते १९७० या काळात त्यांनी ब्रिटिश सरकारी खात्यांतले १६ हजारांहून अधिक मधल्या श्रेणीतले अधिकारी घेतले. सगळे पुरुष, चाळिशी ओलांडलेले, सगळे खुर्चीवर बसणारे. सोमवारी सकाळी, आधी कल्पना न देता, त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि नुकत्याच सरलेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलं ते पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहायला सांगितलं. मग वर्षानुवर्षं त्यांच्या हृदयाची खबर घेतली. १९७३ मध्ये निष्कर्ष आला. जे पोहत होते, बागेत कुदळ मारत होते, धाप लागेल असं काहीतरी करत होते, त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच होता. नुसती रमतगमत फेरी मारणाऱ्यांना या आकड्यांत फारसं काही मिळालं नाही.

हा निष्कर्ष आपल्याकडच्या जेवणानंतरच्या शतपावलीवाल्यांना खट्टू करणारा आहे. पण पुढच्या संशोधनाने त्याची धार थोडी कमी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सांगितली आहे. सलग दहा मिनिटं केली तरच ती धरायची, ही जुनी अट काढून टाकली. दोन मजले जिना चढलात, तर तेही जमेस धरलं जातं. कंडक्टरची मिळकत अशीच तुकड्यातुकड्यांनी जमत होती.

मॉरिस यांना अमेरिकेतल्या राल्फ पॅफेनबार्गर यांच्याबरोबर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी क्रीडाविज्ञानाचं पहिलं ऑलिंपिक पारितोषिक मिळालं. पॅफेनबार्गर यांनी हाच शोध सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांत घेतला होता. २००९ मध्ये मॉरिस वारले तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. तोवर त्यांनी अभ्यासलेली कामाची रीत जवळजवळ संपली होती. डिसेंबर २००५ मध्ये लंडनमधल्या नेहमीच्या मार्गांवरून जुनी कंडक्टरवाली ‘रूटमास्टर’ दुमजली बस गेली. पुढे मुंबईतली शेवटची डिझेलवर चालणारी दुमजली बसही सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिला निरोप द्यायला लोकांनी हार आणि फुगे आणले होते.

कंडक्टर निरोगी राहिला तो त्याच्या निग्रहामुळे नाही, हे मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने पहाटे उठून काही केलं नव्हतं, कुठल्या क्लबाची वर्गणी भरली नव्हती. जिना त्याच्या नोकरीत होता आणि तो चढण्याचा त्याला पगार मिळत होता. आज आपण नोकरीतून जिना काढून घेतो आणि मग कर्मचाऱ्याला सांगतो, की बाबा रे, ऑफिस सुटल्यावर दीड तासाची लोकल करून, घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास आटोपून तू व्यायाम कर. बायकांना तर हे सांगणं क्रूरच आहे. हालचाल कामाच्या वेळेतच परत यायला हवी.

म्हणून ज्यांच्या हातात ऑफिसं आहेत त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या इमारतीत जिना आहे. तो आगीच्या वेळचा म्हणून जड दाराआड, अंधारात, रिकाम्या खोक्यांच्या गर्दीत पडलेला असेल. तिथे दिवे लावा, खोकी उचला, पायऱ्या रोज झाडून घ्या आणि दोन-तीन मजल्यांची ये-जा तिथूनच होईल असं बघा. प्रिंटर आणि पाण्याचं मशीन प्रत्येकाच्या कोपराशी ठेवू नका. आणि चार माणसांशी बोलायचं असेल तर त्यांना खुर्च्यांवर बोलावण्याऐवजी तुम्ही उठून त्यांच्याकडे जा.